‘नसांची गोळी’ नेमकी कुठे बसते?

परवा ओपीडीत साठी ओलांडलेल्या एक मावशी आल्या. सोबत सून, हातात औषधांची पिशवी. बारा वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब. तक्रारी तीन. दोन्ही पाय सुजतात, दिवसभर गुंगी असते आणि मागच्या आठवड्यात पहाटे उठताना तोल जाऊन पडल्या, तेव्हा उजवं मनगट मोडलं. सून म्हणाली, ‘‘हल्ली बोलता बोलता डुलकी लागते यांना. वयाचं असेल म्हणून आम्ही गप्प बसलो.’’

मी पिशवी टेबलावर रिकामी केली. मधुमेहाच्या गोळ्या होत्याच. त्याशिवाय रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन, दहा मिलिग्रॅम. पायांच्या सुजेसाठी फुरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. आणि एक कॅप्सूल, प्रेगाबॅलिन दीडशे मिलिग्रॅम अधिक मिथाइलकोबालामिन, दिवसातून दोनदा. ती दोन वर्षांपूर्वी तळपायांची आग होते म्हणून सुरू झाली होती. तेव्हा मात्रा पंचाहत्तरची होती. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी ती वाढवली. का वाढवली, हे कोणत्याच कागदावर नव्हतं. मी त्या स्ट्रिपला हात लावताच मावशी म्हणाल्या, ‘‘मॅडम, ती तेवढी बंद करू नका हं. ती नसांची गोळी आहे, ताकदीची.’’

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे. कारण ती गोळी ताकदीची नाही. ती मेंदूत आणि मज्जारज्जूत काम करणारी गोळी आहे, आणि ती नेमकी कुठे बसते हे विज्ञानाला बऱ्यापैकी ठाऊक आहे. ते समजून घेतलं तर सूज, गुंगी आणि मोडलेलं मनगट यांचा संबंध आपोआप उलगडतो.

दाराचे चार भाग

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात. पण शरीरातल्या प्रत्येक पेशीसाठी कॅल्शियम हा निरोप आहे. पेशीच्या बाहेर ते जितकं असतं, त्याच्या जवळपास दहा हजारावा भाग आत असतो. पेशी सतत ऊर्जा खर्चून हा फरक राखते. बाहेरच्या आवरणातलं एक दार क्षणभर उघडलं, की कॅल्शियम आत धावतं आणि त्या धावण्यालाच पेशी आज्ञा समजते. हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो. चेतापेशीच्या टोकाशी पुढच्या पेशीसाठीचं रसायन सांडतं. १८८०च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर यांना हे जवळजवळ अपघातानेच कळलं. नळाच्या पाण्यात बनवलेल्या क्षारद्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहिलं आणि शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात ते थांबलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, शुद्ध पाण्यात नव्हतं. आज सलाइनसोबत आम्ही जे ‘आरएल’ लावतो, त्यातला ‘आर’ म्हणजे हेच रिंगर.

हे दार म्हणजे कॅल्शियम वाहिनी, इंग्रजीत ‘कॅल्शियम चॅनल’. ती एका प्रथिनाची नसते, तर काही उपघटक एकत्र येऊन बनते. त्यातला मुख्य उपघटक अल्फा-वन. पेशीच्या आवरणातून चोवीस वेळा आरपार गेलेली ही लांबलचक प्रथिनाची साखळी. कॅल्शियम जिथून आत जातं ती फट यातच, आणि विजेचा बदल ओळखणारा भागही यातच. दुसरा उपघटक बीटा. हा पेशीच्या आतल्या बाजूने अल्फा-वनला चिकटतो, त्याला आवरणापर्यंत पोहोचायला मदत करतो आणि दार किती चटकन उघडावं, किती चटकन मिटावं हे बदलतो. तिसरा अल्फा-टू-डेल्टा. हा मुख्यतः पेशीच्या बाहेरच्या बाजूला असतो. एकाच जनुकातून तयार होणारं हे प्रथिन आधी कापलं जातं आणि मग गंधकाच्या बंधाने पुन्हा जोडलं जातं, म्हणून नाव असं जोडनाव. पेशीच्या आवरणावर किती दारं बसवायची, हे बऱ्याच अंशी हा ठरवतो. चौथा गॅमा, जो शरीराच्या स्नायूंतल्या वाहिनीत ठामपणे सापडतो.

हे भाग सुटे करून ओळखणं सोपं नव्हतं. सुरुवातीला सशाच्या स्नायूंतून वाहिनी वेगळी काढली गेली, कारण तिथे ती मुबलक असते. आमिष म्हणून वापरली गेली ती औषधं कोणती? अॅम्लोडिपिनच्याच कुळातली, डायहायड्रोपिरिडिन गटातली. ती अल्फा-वनला घट्ट धरतात, म्हणून त्यांच्या मागोमाग वाहिनी हाती लागते. मेंदूतल्या वाहिनीसाठी दुसरं आमिष लागलं, ते समुद्रातल्या शंखगोगलगाईच्या विषाचं. १९९३मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात केविन कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेने या विषाच्या आधारे सशाच्या मेंदूतून ‘एन’ प्रकारची वाहिनी वेगळी काढली. त्यात अल्फा-वन होता, अल्फा-टू-डेल्टा होता, बीटाही होता. पुढे लक्षात आलं की मेंदूत ठरलेला एकच संच नसतो. तोच अल्फा-वन कधी एका बीटासोबत असतो, कधी दुसऱ्या.

सस्तन प्राण्यांत अल्फा-वनची दहा जनुकं आहेत, बीटाची चार, अल्फा-टू-डेल्टाची चार. दहापैकी सात अल्फा-वन या सोबत्यांबरोबर काम करतात. उरलेले तीन, ‘टी’ प्रकारचे, बरेचसे एकटेच पुरे पडतात. म्हणजे नुसत्या कागदावर सात गुणिले चार गुणिले चार, एकशे बारा जोड्या होतात. सगळ्या प्रत्यक्षात असतीलच असं नाही. पण हृदय, रक्तवाहिनी, लहान मेंदू आणि वेदना वाहून नेणारी चेतापेशी एकाच कॅल्शियमवर इतकी वेगवेगळी कामं कशी करतात, याचं उत्तर या जोडण्यांत आहे.

चार उंदीर

‘हे उपघटक दुय्यम आहेत, खरं काम अल्फा-वनचं’ असं कुणाला वाटलं, तर त्याला चार उंदरांची गोष्ट सांगावी. प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले हे चार वाण. एक अडखळत चालणारा, एक सुस्त, एक बदकासारखा डुलत चालणारा आणि एक आकाशाकडे टक लावल्यासारखी मान वर करणारा. चौघांचा तोल बिघडलेला आणि चौघांनाही मेंदूचे क्षणिक झटके. १९९६ ते २००१ या काळात त्यांचे दोष एकामागून एक सापडले. पहिल्यात अल्फा-वन बिघडलेला होता, दुसऱ्यात बीटा, तिसऱ्यात अल्फा-टू-डेल्टा आणि चौथ्यात गॅमा कुळातलं एक प्रथिन. या शेवटच्याचं मुख्य काम मेंदूत भलतंच, ग्लुटामेटच्या ग्राहकांना जागेवर बसवण्याचं आहे, हे नंतर कळलं. पण मुद्दा स्पष्ट होता. चारपैकी कोणताही भाग बिघडवा, उंदीर डगमगतो आणि त्याला झटके येतात.

माणसांतही हेच दिसतं. लहान मेंदूत भरपूर असलेल्या एका अल्फा-वनच्या जनुकातल्या वेगवेगळ्या दोषांनी तीन वेगवेगळे आजार होतात. काही तास तोल जाण्याचे झटके, अर्धं अंग लुळं करणारी एक आनुवंशिक अर्धशिशी, आणि हळूहळू वाढत जाणारा तोलाचा विकार. वर्गात दहा सेकंद हरवून जाणाऱ्या, आणि ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलाला आम्ही इथोसक्झिमाइड देतो, ते ‘टी’ प्रकारच्या वाहिनीवर चालतं.

गोळी बसते कुठे?

आता मावशींच्या पिशवीकडे परत येऊ. अॅम्लोडिपिन बसतं अल्फा-वनवर. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूत कॅल्शियम कमी जातं, ती सैलावते, रक्तदाब उतरतो. उत्तम, स्वस्त, लाखोंचे प्राण राखणारं औषध. पण बारीक धमन्या सैलावल्या की पुढच्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो, पाणी ऊतींत झिरपतं आणि घोटे सुजतात. मात्रा जितकी जास्त, तितकी ही शक्यता जास्त. ही सूज शरीरात पाणी जास्त झाल्याची नसते, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी हटत नाही.

प्रेगाबॅलिन बसतं अल्फा-टू-डेल्टावर. त्याचा थोरला भाऊ गॅबापेंटिन. तो मुळात मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाची नक्कल म्हणून बनवला गेला. अमेरिकेत १९९३मध्ये फिटच्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. पण तो गाबाच्या ग्राहकावर बसतच नाही! १९९६मध्ये डुकराच्या मेंदूत शोध घेता घेता कळलं, की तो अल्फा-टू-डेल्टाला चिकटतो. नाव गाबाचं, घर कॅल्शियमचं. मज्जातंतूला इजा झाली की वेदना नेणाऱ्या पेशींत अल्फा-टू-डेल्टाचं प्रमाण वाढतं, चेतापेशीच्या टोकाशी दारं वाढतात आणि वेदनेचे निरोप जास्त सुटतात. ही औषधं दाराची फट बुजवत नाहीत. ती टोकापर्यंत दारं पोहोचण्याचं काम मंदावतात. ज्या उंदरांमध्ये अल्फा-टू-डेल्टातली एकच कडी बदलून औषधाची बैठक मोडली, त्यांच्यात औषधाचा वेदनाशामक गुणही गेला.

म्हणूनच हे औषध सगळ्या वेदनांचं नाही. इजा झालेल्या मज्जातंतूच्या वेदनेचं आहे. मधुमेहात तळपायांची आग, नागिणीनंतर मागे राहणारी जळजळ, ही त्याची खरी ठिकाणं. तिथेही हिशेब नम्रच आहे. मधुमेहाच्या अशा वेदनेत गॅबापेंटिनने दहापैकी साधारण चौघांच्या वेदना निम्म्याहून खाली येतात. नुसत्या बनावट गोळीने दोघांच्या येतात. त्या वरच्या दोघांसाठी हे औषध मोठा दिलासा आहे, आणि तो मला कुणाकडूनही काढून घ्यायचा नाही.

पण आपण ते कुणाकुणाला देतो? कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, मुंग्या, थकवा, ‘नस दबली आहे’. ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या दोनशेहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे निम्म्यांना प्रेगाबॅलिन, निम्म्यांना बनावट गोळी. पायाच्या वेदनेत फरक पडला नाही. चक्कर मात्र औषध घेणाऱ्यांत जास्त होती.

अल्फा-टू-डेल्टा फक्त दुखऱ्या तंतूत नसतो. तो मेंदूभर असतो. म्हणून गुंगी, चक्कर आणि तोल जाणं. हे औषध यकृतात मोडत नाही, जवळजवळ जसंच्या तसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंडाचं काम निम्मं झालं असेल तर मात्राही साधारण निम्मी करावी लागते. आणि पायांवर सूज हा प्रेगाबॅलिनचाही माहीत असलेला दुष्परिणाम आहे.

आता साखळी जोडून पाहा. अॅम्लोडिपिन आणि प्रेगाबॅलिन, एकाच कुळातल्या दाराच्या दोन वेगवेगळ्या भागांवर बसणारी दोन औषधं, दोन्ही पाय सुजवणारी. सूज पाहून दिली गेली लघवीची गोळी. तिने सूज फार हटली नाही, पण शरीरातलं पाणी कमी होऊन आधीच मधुमेहाने थकलेल्या मूत्रपिंडावर ताण आला. मावशींचं क्रिएटिनिन दीडच्या पुढे होतं. त्यांच्या वयाला आणि वजनाला याचा अर्थ मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता निम्म्याखाली आली होती. मग प्रेगाबॅलिन शरीरात साठू लागलं. गुंगी वाढली. पहाटे तोल गेला. यातला एकही डॉक्टर बेफिकीर नव्हता. प्रत्येकाने समोरच्या लक्षणाला औषध दिलं, इतकंच.

हात माझेही बरबटलेले

हे दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. मीही ही कॅप्सूल वर्षानुवर्षं सढळ हाताने लिहिली आहे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका रुग्णाला मिळतात तीन-चार मिनिटं. ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या माणसाला रिकाम्या हाती पाठवणं जिवावर येतं. वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडं बिघडलेली आम्ही रोज पाहतो, म्हणून त्या टाळाव्याशा वाटतात. मग ही ‘सुरक्षित’ वाटणारी कॅप्सूल हाताशी येते. एक सहकारी म्हणाले, ‘‘अहो, निदान झोप तरी लागते त्यांना.’’ लागते. पण झोपेसाठी झोपेचं औषध देताना आपण जो विचार करतो, तो इथे करत नाही.

आणि यात व्हिटॅमिनचं पांघरूण भर घालतं. प्रेगाबॅलिन आणि मिथाइलकोबालामिन एकाच कॅप्सूलमध्ये घातलं, की रुग्ण ते टॉनिक समजतो, शेजारणीलाही सुचवतो, दुकानातून चिठ्ठीशिवाय मागतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ खरंच कमी होऊ शकतं आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. पण मग बी-१२ तपासावं आणि कमी असेल तर तेवढंच पुरेशा मात्रेत द्यावं. त्यासाठी मेंदूवर चालणारं दुसरं औषध सोबत कशाला?

जगाने या औषधांचे चटके आधीच सोसले आहेत. मान्यता नसलेल्या आजारांसाठी गॅबापेंटिनचा प्रचार केल्याच्या प्रकरणात २००४मध्ये अमेरिकेत त्याच्या कंपनीला ४३ कोटी डॉलर मोजावे लागले. ब्रिटनने एप्रिल २०१९पासून ही दोन्ही औषधं नियंत्रित यादीत टाकली, कारण नशेसाठी वापर आणि त्यातून होणारे मृत्यू. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की वृद्धांत, फुप्फुसाच्या आजारात किंवा अफूजन्य औषधांसोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो. आपल्याकडे पंजाबातल्या काही जिल्ह्यांत प्रशासनाला जास्त मात्रेच्या कॅप्सूलच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. महाराष्ट्राने त्या टप्प्याची वाट पाहू नये.

काय करता येईल?

माझं म्हणणं हे औषध बंद करा असं नाही. ते कशासाठी आहे, हे प्रत्येक चिठ्ठीवर मराठीत लिहिलं जावं, इतकं साधं आहे. ‘तळपायाच्या आगीसाठी, सहा आठवड्यांनी पुन्हा पाहणे.’ एक ओळ. ती ओळ लिहिता येत नसेल, तर औषध देण्याचं कारणही बहुधा नाही. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन पाहावं. ती तपासणी तालुक्याच्या रुग्णालयातही होते. मात्रा कमीपासून सुरू करावी, वृद्धांना आधी रात्रीच. दीड-दोन महिन्यांत फरक नसेल तर औषध उतरवावं. आणि पाय सुजलेला रुग्ण आला की लघवीची गोळी लिहिण्याआधी त्याची पिशवी रिकामी करून पाहावी. हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासायचंच. पण आधीच्या गोळ्याही तपासायच्या.

औषध प्रशासनाकडेही एक मागणी आहे. व्हिटॅमिनसोबतच्या या संयुक्त कॅप्सूलच्या वेष्टनावर ‘गुंगी येते, तोल जाऊ शकतो’ हे ठळक मराठीत असावं, आणि चिठ्ठीशिवाय विक्री खरोखर थांबावी. नियम आहे. तो काउंटरवर दिसत नाही.

वाचकांसाठी दोनच गोष्टी. पहिली, घरातल्या ज्येष्ठांच्या स्ट्रिपवर प्रेगाबॅलिन किंवा गॅबापेंटिन लिहिलेलं दिसलं, तर ते स्वतःहून एका दिवसात बंद करू नका. अचानक थांबवल्यास झोप उडते, घाम येतो, अस्वस्थ वाटतं, फिटचा आजार असलेल्यांना झटका येऊ शकतो. ते किमान आठवडाभर, दीर्घकाळ घेतलं असेल तर त्याहूनही सावकाश उतरवावं लागतं. दुसरी, ते स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ‘‘हे कशासाठी आहे, आणि कधीपर्यंत?’’ या प्रश्नाने कोणत्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

मावशींची कॅप्सूल आम्ही काही आठवड्यांत हळूहळू कमी केली. अॅम्लोडिपिन निम्मं केलं, रक्तदाबासाठी दुसरं औषध जोडलं, लघवीची गोळी थांबवली. दीड महिन्यांनी त्या आल्या तेव्हा पायात चपला नीट बसत होत्या आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर लगेच येत होतं. क्रिएटिनिनही थोडं उतरलं होतं. पण रात्री तळपायांची आग पुन्हा सुरू झाली होती. ती वेदना खरी होती, मज्जातंतूची होती. म्हणून प्रेगाबॅलिन पुन्हा दिलं. पंचाहत्तर मिलिग्रॅम, फक्त रात्री, व्हिटॅमिनच्या पांघरुणाशिवाय. चिठ्ठीवर कारण लिहिलं आणि पुढची तारीख.

मावशींनी चिठ्ठी सुनेकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे ही ताकदीची नाहीच का मॅडम?’’

नाही मावशी. ही आगीची आहे. आणि आग विझली, की हीसुद्धा थांबवायची आहे.